नव्वदच्या दशकातली मारुती ८०० घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवा

जुनी आठशे बघायला जायचं ठरलं की मालकाला आदल्या रात्री फोन करून एवढंच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. या इंजिनाचे निम्मे आजार गार असतानाच कळतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

कराडला माझं गॅरेज आहे. नवीन गाड्या स्कॅनर लावून बघणारी पोरं आता बाजूच्या शेडमध्ये बसतात, माझ्याकडे मात्र अजून आठशे आणि ओम्नी येतात. कुणाला मुलीला शिकवायला हवी असते, कुणाला वडिलांची गाडी मोडीत काढवत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: इंजिन अजून टिकेल का?

आधी इंजिन काय आहे ते समजून घ्या. सुझुकीच्या भाषेत एफ८बी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी ६८.५ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव ७२ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. वर व्हॉल्व्ह उघडणारा एकच दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण सहा व्हॉल्व्ह, कॅम फिरवायला टायमिंग बेल्ट. ताकद ५००० आरपीएमला ३७ बीएचपी, टॉर्क २५०० आरपीएमला ५९ न्यूटन मीटर. कागदावर हे आकडे केविलवाणे दिसतात. पण गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि टॉर्क २५०० लाच मिळतो, त्यामुळे इंजिनाला ओरडावं लागत नाही. ८०० सीसीतून ३७ च घोडे मागितले की पिस्टन, बेअरिंग, क्रँक कुणावरच फारसा ताण येत नाही. टिकाऊपणाचं खरं कारण हे. बाकी 'जपानी आहे म्हणून' वगैरे बोलायच्या गोष्टी.

हेच इंजिन ओम्नीत बसायचं, आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. म्हणून रिंगा (पिस्टनवरची कडी), बेअरिंग, गॅस्केट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग), वॉटर पंप अजून सहज मिळतात. फक्त दुकानात 'आठशेचं' एवढंच सांगू नका. २००० साली आलेल्या अल्टोचं इंजिनही ७९६ सीसीच, पण ते एफ८डी, बारा व्हॉल्व्हचं. त्याचं हेड गॅस्केट हातात घेऊन परत आलेली माणसं मी बघितली आहेत.

आता मुद्द्याचं. हे इंजिन झिजून क्वचित मरतं. मरतं ते उकळून. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे गरम झाल्यावर दोघांचं फुगणं वेगळं. पाणी आहे तोवर भांडण नाही. पाणी गेलं की हेड वाकतं, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीत फुटतं, आणि तिथून पुढे तेलात पाणी, पाण्यात तेल.

यात एक फसवणारी गोष्ट आहे. टेंपरेचरचा काटा पाण्यातल्या सेन्सरवर चालतो. गळून गळून पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. पाटणकडचे एक गुरुजी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आले होते. म्हणाले, "काटा तर सी वर होता हो, मग गाडी ओढेना का?" रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप सैल होती, घाटात सगळं पाणी रस्त्यावर गेलेलं. हेड काढून त्यावर सरळ पट्टी ठेवली. मॅन्युअलप्रमाणे ०.०५ मिमीच्या वर वाक चालत नाही. इथे पाव मिलिमीटरची फिलर गेजची पत्ती दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे सरळ आत गेली. हेड घासून सपाट करायला, म्हणजे फेसिंगला, पाठवलं. गाडी अजून चालते, पण गुरुजी आता निघायच्या आधी बॉनेट उघडतात.

तर गाडी बघताना क्रम असा ठेवा.

गार इंजिनावर रेडिएटरची टोपी उघडा. पाणी काठोकाठ हवं, रंग हिरवा किंवा कूलंटचा जो असेल तो. तांबूस गढूळ असेल तर वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी ओतलंय, रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या असणार. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर भाव विचारू नका, निघा. मग डिपस्टिक. तेल काळं असू दे, काळं तेल गुन्हा नव्हे, पण चहाच्या रंगाचं दुधाळ असेल तर हेड गॅस्केट गेलंय. ऑइल कॅपच्या आतल्या बाजूला थोडी पांढरी साय दिसली तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ती येतेच. डिपस्टिक काय म्हणते ते महत्त्वाचं.

मग चोक ओढून सेल्फ मारा आणि एका माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. सुरू होताना निळा धुराचा एक झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत, काम छोटं. निळा धूर रेस दिली की येतच राहिला तर रिंगा. काळा धूर म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतोय. पांढरा धूर सकाळच्या गारठ्यात मिनिट-दोन मिनिटं येणार, ती वाफ आहे. इंजिन तापल्यावरही तो थांबेना आणि वासाला गोडसर लागला तर कूलंट जळतंय.

आयडलिंगला गाडी हलते म्हणून नाक मुरडू नका. तीन सिलिंडर, पेट घेण्याचा क्रम १-३-२, आणि थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. नऊशेच्या आसपास आरपीएमला स्टेअरिंग थोडं थरथरणारच. थरथर एकसारखी हवी. मधेच ठेका चुकत असेल तर मिसिंग आहे. रबरी हातमोजा घालून एकेका प्लगची कॅप काढून बघा. जी काढल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर झोपलेला.

इंजिन चालू असतानाच ऑइल कॅप काढा. हलका वारा लागला तर ठीक. फडफड आवाज करत धूर आणि तेलाचे शिंतोडे येत असतील तर त्याला आम्ही 'बॅक कंप्रेशन मारतंय' म्हणतो. रिंगा आणि बोअरचा खर्च धरा. शंका असेल तर सिलिंडरमधला दाब मोजणारं कंप्रेशन गेज लावून घ्या. तीन सिलिंडरांच्या दाबातला फरक एक किलोच्या आत हवा.

यानंतरची चाचणी बहुतेक लोक टाळतात, कारण कंटाळा येतो. गाडी उभी ठेवून चालूच ठेवा, जोवर रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू होत नाही तोवर. फॅन लागला, थोड्या वेळानं बंद झाला, परत लागला, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप), फॅन स्विच आणि पंप तिन्ही ठीक. फॅन कायम डायरेक्ट जोडलेला दिसला, किंवा डॅशबोर्डखाली एखादं उपरं बटण दिसलं, तर कुणीतरी आजार झाकलाय. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर गाडी तापायलाच फार वेळ घेते. 'आपल्याकडे गरजच नाही त्याची' म्हणणारे मेकॅनिक खूप आहेत. गरज आहे. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि बोअर लवकर खातं.

चाचणीसाठी चढ बघा. तिसऱ्यात ओढायला हवी. इंजिन नीट असूनही चढाला आळसत असेल तर सायलेन्सर बघा. मुंबईसह चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा डबा, आला. त्या काळातल्या गाडीत तो अजून असेल तर आतून चोंदलेला असू शकतो.

घेतल्यावर काय करायचं? टॅपेट आधी, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतली फट. हायड्रॉलिक, म्हणजे आपोआप जुळणारे, नाहीत, स्क्रू आणि नटाचे आहेत, आणि टक टक आवाज करणारा टॅपेट गप्प बसलेल्यापेक्षा बरा. फार कसलेला टॅपेट आवाज करत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. गार इंजिनावर ०.१५ मिमीची पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे. प्लगना करंट वाटणारा डेल्को (डिस्ट्रिब्युटर) पॉइंटवाला असेल तर पॉइंटचं अंतर ०.४ ते ०.५ मिमी, आणि पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदला. तेल २०डब्ल्यू-४०, दर पाच हजार किलोमीटरला, फिल्टरसकट. गाडी फिरत नसली तरी वर्षातून एकदा.

सध्या माझ्याकडे या गाड्या येतात त्या जास्त करून पेट्रोलच्या पाइपांमुळे. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि ही रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. टाकीपासून मेकॅनिकल पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे पाइप दाबून बघा. चिकट किंवा भेगाळलेले असतील तर इथेनॉल चालणारे टाका. पंपाचा आणि कार्बोरेटरचा पडदाही बघून घ्या. हे काम पुढं ढकलू नका, खाली गरम एक्झॉस्ट असतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आणि आयडलिंगला अचानक बंदच पडायला लागली तर कार्बोरेटर खोलण्याआधी त्याच्या सोलेनॉइडची, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर निघालीय का बघा. कार्बोरेटर विनाकारण खोलून बिघडवलेल्या गाड्याच जास्त असतात.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. तुटला की गाडी जागेवर बंद. बदलताना टेन्शनर, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील आणि वॉटर पंप एकदमच उरका, कारण मजुरी तीच.

शेवटी आरसी बुक आणि इंजिन नंबर. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का आणि मुदत किती उरली ते बघा, ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. ब्लॉकवरचा नंबर पुसून, हात फिरवून वाचा. या गाड्यांत ओम्नीचं इंजिन टाकलेलं बऱ्याचदा सापडतं. चालायला काही अडचण नाही, पण बदलाची नोंद आरटीओत झालेली नसेल तर ती आधीच्या मालकाच्या नावावर गाडी असतानाच त्याच्याकडून करून घ्या, मगच पैसे द्या.