'सर', 'लॉर्ड', 'रेव्हरंड': विकिपीडियावर पदव्यांची भांडणं कशी मिटवायची

विकिपीडियावर चरित्रलेख लिहायला लागलात की लवकरच लक्षात येतं, माणसाने आयुष्यात काय केलं यावर फारसं कुणी भांडत नाही, त्याच्या नावाआधी काय लावायचं यावर मात्र चर्चा पानं भरून वाहतात. एक जण 'सर' लावतो, दुसरा काढतो, तिसरा येऊन त्याचं 'लॉर्ड' करतो, चौथा म्हणतो तुम्हाला थोरामोठ्यांचा आदर नाही. इंग्रजी विकिपीडियाचं हे जुनं दुखणं आहे. २००५ मध्ये बेनेडिक्ट सोळावे पोप झाले तेव्हा लेखाची सुरुवात 'हिज होलिनेस'ने करायची का यावर तिथे चांगलीच जुंपली होती. आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर, मिशनरी, पारशी बॅरोनेट यांच्यावर मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्यालाही तोच ताप येतो.

तर वादात पडलात की पहिलं काम, पदवी कुठल्या प्रकारची आहे ते बघा. निम्मी भांडणं इथेच संपतात कारण दोन्ही बाजूंना हेच माहीत नसतं. नाइट झाला तो 'सर', त्याच्यापुरता, मुलाकडे काही जात नाही. बॅरोनेटही 'सर'च पण तो वंशपरंपरागत. आणि हे दोघेही लॉर्ड नाहीत! लॉर्ड म्हणजे पीअर, ब्रिटिश सरदार, त्यात बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्वेस अशा चढत्या पायऱ्या, वर ड्यूक, आणि ड्यूकला पुन्हा 'लॉर्ड' म्हणत नाहीत तो ड्यूकच. 'सर' नेहमी पहिल्या नावाला लागतो, म्हणजे सर बार्टल फ्रिअर किंवा नुसतं सर बार्टल, 'सर फ्रिअर' हा प्रकारच नाही. मराठीत तो सर्रास दिसतो, दिसला की बदला, त्यावर चर्चा करायचीही गरज नाही.

बॅरोनेटच्या बाबतीत भलताच घोळ होतो तो जमशेटजी जीजीभाईंचा. पहिले जमशेटजी १८४२ मध्ये नाइट झाले, १८५७ मध्ये बॅरोनेट, आणि पुढे त्या घराण्यात जो बॅरोनेट होईल त्याने जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं असं ठरलं. त्यामुळे १९०० नंतरच्या एखाद्या बातमीत 'सर जमशेटजी' दिसले म्हणून त्यांचा दुवा जे. जे. हॉस्पिटलवाल्या जमशेटजींना जोडून मोकळे होऊ नका, 'पहिले बॅरोनेट', 'दुसरे बॅरोनेट' असा क्रमांक लिहा. इथे क्रमांक लिहिणं म्हणजे फुकटचा थाट नव्हे, त्याशिवाय माणूसच ओळखता येत नाही.

दुसरं काम, तारीख बघा. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. लोक माणसाची शेवटची, सगळ्यात मोठी पदवी उचलतात आणि त्याच्या बालपणापासून चिकटवत सुटतात. टिळकांवरच्या १९०८च्या खटल्याचं घ्या. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क होते. ते बॅरन सिडनहॅम झाले १९१३ मध्ये, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं, त्यामुळे आपल्या डोक्यात 'लॉर्ड सिडनहॅम' पक्कं बसलंय. पण १९०८च्या परिच्छेदात लॉर्ड सिडनहॅम लिहिलंत तर तेव्हा अस्तित्वात नसलेली पदवी लिहिली. अशा वेळी मी चर्चा पानावर साधारण असं टाकतो: "खटल्याच्या वेळी क्लार्क 'सर' होते, बॅरन ही पदवी १९१३ची. परिच्छेदात 'गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम)' असं ठेवूया का? हरकत असेल तर संदर्भ द्या." एवढंच, आदर, गुलामी, इतिहासाची मोडतोड वगैरे काही नाही. समोरच्याला बोलायला तारीख सोडून दुसरं काही ठेवायचंच नाही.

कर्झनचंही तसंच. व्हाइसरॉय म्हणून येण्याआधी १८९८ मध्ये त्याला बॅरनपद मिळालं तेही आयरिश, म्हणजे परत गेल्यावर हाउस ऑफ कॉमन्सची दारं बंद होऊ नयेत म्हणून. अर्ल १९११, मार्क्वेस १९२१. वंगभंगाच्या लेखात 'मार्क्वेस कर्झन' दिसला तर सरळ 'लॉर्ड कर्झन' करा, ते तेव्हाही बरोबर होतं आणि नंतरही.

माउंटबॅटन मात्र डोकं खातो. १९१७ नंतर तो 'लॉर्ड लुई माउंटबॅटन', पण ही खरी सरदारकी नव्हे, मार्क्वेसचा धाकटा मुलगा म्हणून सौजन्याने मिळालेलं संबोधन. १९४६ मध्ये व्हायकाउंट झाला, मग 'लॉर्ड माउंटबॅटन'. अर्ल झाला १९४७च्या ऑक्टोबरात, स्वातंत्र्यानंतर. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसंगात 'लॉर्ड लुई' आणि फाळणीच्या लेखात 'लॉर्ड माउंटबॅटन' हे दोन्ही बरोबर, आणि दोघं सदस्य एकमेकांना चूक ठरवत बसलेले असतात.

आडनावावरून लॉर्ड ठरवू नका हेही सांगून ठेवतो. १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर असलेले, ज्यांच्या नावाने कॉलेज आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लॉर्ड कधीच नव्हते, लॉर्डांच्या घरातले धाकटे मुलगे एवढंच. लॉर्ड होता त्यांचा पुतण्या जॉन, १३वा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर, आणि आताचं प्रभादेवी स्टेशन पूर्वी ज्या नावाने होतं ते या पुतण्याचं. 'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' म्हणजे काका-पुतण्याचा कोलाज.

आता धर्मगुरू. इथे वाद जास्त तापतो कारण पदवी काढली की श्रद्धेला हात लावला असं वाटतं. इंग्रजी विकिपीडियाचा साधारण संकेत असा की 'सर' आणि 'लॉर्ड' पहिल्या उल्लेखात चालतात पण 'द रेव्हरंड', 'हिज एमिनन्स' असली संबोधनं वाक्यात घ्यायची नाहीत, फार तर लेखाच्या कडेच्या माहितीचौकटीत. मग लगेच कुणीतरी विचारतो, सरदारांना सूट आणि पाद्रीबुवांना नाही, हा कुठला न्याय? प्रश्न चूक नाही. उत्तर असं की माणूस पदवीसकटच प्रसिद्ध असेल तर पदवी राहते, मदर तेरेसांचा लेख इंग्रजीतही 'मदर तेरेसा' याच नावाने आहे. बाकीच्यांचं पद पहिल्या वाक्यातच सांगून टाका, 'हे कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक होते', झालं, नावाआधी लटकवायची गरज राहत नाही आणि माहितीही जात नाही.

तारखेचा नियम इथेही लागतो. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५० मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले, कार्डिनल १९५३ मध्ये, पहिले भारतीय कार्डिनल. १९५१च्या घटनेत त्यांना कार्डिनल करू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा आणि धर्मोपदेशक म्हणून दीक्षा १९०४ची, तर मधल्या काळात 'रेव्हरंड' कशाला? आणि इंग्रजीतले काटेकोर लोक म्हणतात की 'रेव्हरंड'नंतर नुसतं आडनाव लावू नये, पण मराठीत 'रेव्हरंड टिळक' शंभर वर्षं रुजलेलं आहे, तो नियम इकडे आणून कुणाची संपादनं उलटवत, म्हणजे पुसून आधीचा मजकूर परत आणत बसू नका.

दोन सापळे सांगतो. इंग्लंडमधले २६ बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात पण ते पीअर नसतात. जुन्या कागदांत 'लॉर्ड बिशप ऑफ बॉम्बे' दिसतं म्हणून त्यांना सरदारांच्या वर्गात टाकू नका, त्यांचा तर त्या सभागृहाशीही संबंध नव्हता. दुसरं म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री नाइट झाला तरी 'सर' लावत नाही, पण तोच बॅरोनेट असेल तर लावतो! 'रेव्हरंड सर अमुक' दिसलं की चूक समजून खोडू नका, आधी घराणं तपासा.

लेडी या विषयात मी नियम बाजूला ठेवतो. ब्रिटिश रीतीने नाइटच्या बायकोच्या बाबतीत 'लेडी' नुसत्या आडनावाला लागते, 'लेडी ठाकरसी', आणि पहिल्या नावाला 'लेडी' लागते ती अर्ल किंवा त्यावरच्या घरातल्या मुलीला, लग्नाआधीची लेडी डायना स्पेन्सर तशी. पण 'लेडी प्रेमलीला ठाकरसी' हे नाव आपल्याकडे सगळीकडे असंच चालतं, ते 'दुरुस्त' करणाऱ्याला मी तरी उलटवेन.

संदर्भ कुठून आणायचे? पदवीची तारीख हवी तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट बघता येतात. अँग्लिकन पाद्र्यांसाठी क्रॉकफर्डची डिरेक्टरी. बर्क आणि डेब्रेट ही घराण्यांची माहिती देणारी पुस्तकं सरदारांसाठी ठीक पण बर्कच्या जुन्या आवृत्त्यांतल्या वंशावळी जपून वापरा, घराण्यांनी पुरवलेल्या दंतकथाही त्यात छापून आल्यात. कॉलेजच्या वेबसाइटवरचं 'आमचे संस्थापक' पान आणून टाकू नका प्लीज.

आणि संपादन एकदा उलटवलं गेलं की पुन्हा तेच करू नका, चर्चा पानावर जा. इंग्रजीत २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक होऊ शकता, बाजू बरोबर असली तरी. समोरचा ऐकतच नसेल तर शीर्षकाचा हट्ट सोडा आणि पुनर्निर्देशनं बनवा: 'लॉर्ड सिडनहॅम', 'जॉर्ज क्लार्क', 'सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क' तिन्ही एकाच लेखाकडे वळवा, वाचक काहीही टाइप करो, पोचतो. जमशेटजींसाठी मात्र पुनर्निर्देशन पुरत नाही, तिथे निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे एकाच नावाच्या माणसांची यादी देणारं पान करा आणि एकेका बॅरोनेटसमोर जन्म-मृत्यूची सालं टाका.