मसाल्याच्या पुडीची मागची बाजू कशी वाचावी

गेल्या रविवारी आईने नातवाच्या हातातलं नूडल्सचं पाकीट काढून घेतलं. "त्यात अजिनोमोटो असतं. मेंदू खातं ते." नातू हुशार. त्याने पाकीट उलटंसुलटं करून कोपऱ्यातली ओळ दाखवली, "आजी, नो ॲडेड एमएसजी लिहिलंय बघ." (एमएसजी म्हणजे तेच अजिनोमोटो.) मग पाकीट माझ्याकडे आलं, निवाडा करायला. मागची बाजू दोघांपैकी कुणीच वाचलेली नव्हती. खरं सांगायचं तर तोवर मीही नीट वाचली नव्हती.

त्या दिवशी जे केलं ते क्रमाने लिहितो. नूडल्स, सूप, वेफर्स, तयार ग्रेव्ही, ज्यात ज्यात चटकदार मसाला आहे त्या सगळ्याला हे लागू पडतं.

१. आधी फोटो काढा

मागची अक्षरं मुंगीएवढी असतात, तीही चकचकीत कागदावर. चष्मा पुसत बसू नका. मोबाइलने खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि बोटांनी मोठा करा. नूडल्सच्या पाकिटावर घटकांच्या बहुतेक वेळा दोन याद्या असतात, एक वडीची आणि एक मसाल्याच्या पुडीची. आपल्याला दुसरी हवी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, त्यामुळे यादीत मीठ कितव्या नंबरवर आहे हे तेवढ्यातच कळतं. आमच्या पाकिटावर मीठ धने-हळदीच्याही आधी होतं.

२. आकडे शोधा

'फ्लेवर एन्हान्सर' किंवा 'स्वाद वाढवणारा पदार्थ' या शब्दांपुढे आयएनएस (अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि एक तीन आकडी नंबर असतो. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, तेच एमएसजी, तेच आपलं अजिनोमोटो. अजिनोमोटो हे मुळात जपानी कंपनीचं नाव. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढणातून ही चव वेगळी काढली, तिला 'उमामी' म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी ती पावडर बाजारात आली. आज ती ऊस, मका, कसावा अशा पिकांची साखर किंवा स्टार्च आंबवून करतात.

६२७, ६३१ आणि या दोघांचं मिश्रण असलेला ६३५ हे तिचे भाऊबंद. यांची गंमत अशी की एकटे असताना ते फारसे कामाचे नाहीत. ग्लुटामेट, म्हणजे एमएसजीला चव देणारा भाग, सोबत असेल तरच चव कितीतरी पटीने उठते. म्हणून यादीत ६३५ दिसला आणि ६२१ दिसला नाही, तर यादी पुन्हा वाचा. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'हायड्रोलाइज्ड ग्राउंडनट प्रोटीन', 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' यातलं काहीतरी बहुधा सापडेल. शेंगदाण्याचं किंवा सोयाचं प्रथिन फोडलं की त्यातून मोकळं ग्लुटामेट निघतं. वरून एमएसजी घातलेलं नसतं, पण ग्लुटामेट असतं. आमच्या पाकिटावर नेमकं असंच होतं. नातवाची ओळ खोटी नव्हती, पण तिच्यातून त्याने काढलेला अर्थ चुकला होता.

'६३१ म्हणजे डुकराची चरबी' हा निरोप व्हॉट्सॲपवर दर दोन वर्षांनी फिरून येतो. हा पदार्थ मांस-माशांपासूनही करता येतो आणि साखर आंबवूनही. तुमच्या पाकिटातला कुठला, ते चौकोनातल्या खुणेवरून ठरवा. हिरवा ठिपका असेल तर घटक आणि त्यात मिसळलेले पदार्थ दूध, दुधाचे पदार्थ आणि मध वगळता प्राणिज नाहीत असं उत्पादकाने कायद्याने जाहीर केलेलं असतं. मांसाहारी पदार्थाच्या चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो.

३. 'नो ॲडेड एमएसजी' कसं वाचायचं

इथे २०१५ आठवावंच लागतं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ मध्ये मॅगीचा नमुना घेतला गेला. पाकिटावर एमएसजी घातलेलं नाही असं लिहिलेलं होतं आणि तपासणीत ते सापडलं, असा मूळ आक्षेप. नमुना पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला, तेव्हा शिसं १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) असल्याचा अहवाल आला. मर्यादा होती २.५. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, देशभर विक्री थांबवली. महाराष्ट्रातही दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. आधीच्या चाचण्या झालेल्या प्रयोगशाळा कायद्याला हवी तशी मान्यता असलेल्या नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती, हे त्यातले मोठे मुद्दे. न्यायालयाने नेमून दिलेल्या तीन प्रयोगशाळांत शिसं मर्यादेच्या आत निघालं आणि नोव्हेंबरात पाकिटं परत आली.

लोकांच्या डोक्यात मात्र शिसं आणि अजिनोमोटो यांचं एकच गाठोडं झालं, आणि ते अजून सुटलेलं नाही. शिसं हे विष आहे, ते अन्नात जितकं कमी तितकं बरं. एमएसजीचा प्रश्न त्या वेळी होता तो लेबलाचा.

त्यानंतर ३१ मार्च २०१६ ला एफएसएसएआयने एक आदेश काढला. तो मला सगळ्यात कामाचा वाटतो. त्यानुसार वाळवलेल्या नूडल्स-पास्त्याच्या वडीत एमएसजी घालायला परवानगी नाही, पण त्यासोबतच्या मसाल्यात ते चालतं. गहू, दूध, भाज्या, मसाले यांत ग्लुटामेट मुळातच असतं. सापडलेलं ग्लुटामेट वरून घातलं की मुळातलंच होतं, हे प्रयोगशाळेला वेगळं करून सांगता येत नाही. ते कळायला कारखान्यात जाऊनच बघावं लागतं. म्हणून 'नो एमएसजी' किंवा 'नो ॲडेड एमएसजी' असं छापलं असेल आणि तपासणीत एमएसजी निघालं, तरच नूडल्स-पास्ता बनवणाऱ्यावर त्या मुद्द्यावरून कारवाई करायची, असं ठरलं.

तेव्हा अशी ओळ दिसली की ती जाहिरात समजून पुढे जा, आणि दुसऱ्या पायरीतली यादी बघा. उलट, ज्या पाकिटावर 'यात एमएसजी घातलेलं आहे, १२ महिन्यांखालच्या बाळांसाठी नाही' अशा अर्थाची सूचना असते, ते पाकीट निदान सरळ बोलतं. ही सूचना कायद्याने छापावी लागते.

४. भीती किती बाळगायची ते ठरवा

१९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं, असं त्यात होतं. कारण म्हणून सोया सॉस, वाइन, मीठ आणि एमएसजी असे अंदाज त्यांनी मांडले होते. जगाने त्यातलं फक्त एमएसजी उचललं. पुढच्या वर्षी उंदरांच्या पिल्लांना ते टोचून मेंदूला इजा होते असं दाखवणारे प्रयोग आले. आईचं 'मेंदू खातं' त्या प्रयोगांपासून निघून, पन्नास वर्षं कानोकानी फिरत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. त्या प्रयोगांत ते मोठ्या मात्रेत, इंजेक्शनने दिलेलं होतं. जेवणातून खाल्लेल्या ग्लुटामेटचा बहुतांश भाग आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

१९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्याला रोजच्या सेवनाची आकड्यातली मर्यादा लागत नाही असं ठरवलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये वेगळा सूर लावला: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम, ग्लुटामिक आम्ल म्हणून मोजलेलं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम, २० किलोच्या मुलाला ०.६ ग्रॅम. दोन्ही ठिकाणी जाणकारच बसलेले आहेत. मी मुलांच्या बाबतीत युरोपचा आकडा धरतो, मोठ्यांच्या बाबतीत फार डोकं शिणवत नाही. काही थोड्या लोकांना रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर डोकेदुखी, बधिरपणा, घाम असं तात्पुरतं होऊ शकतं, हे अमेरिकेतल्या १९९५ च्या अहवालातही मान्य केलेलं आहे.

गाऊट (युरिक ॲसिड साचून सांधे दुखण्याचा आजार) असणाऱ्यांनी ६२७, ६३१, ६३५ यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. शरीरात त्यांचं शेवटी युरिक ॲसिड होतं.

५. आता खरा हिशेब: सोडियम

एवढा वेळ आपण चोर सोडून संन्याशाच्या मागे होतो. मागच्या चौकटीत सोडियमचा आकडा छापणं बंधनकारक आहे. तो शोधा, आणि तो १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा ते आधी बघा. इथेच बहुतेक जण फसतात. समजा १०० ग्रॅमला १,२०० मिलिग्रॅम लिहिलंय आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे. १,२०० गुणिले ७० भागिले १०० म्हणजे ८४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: २.१ ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅम सोडियमच्या, म्हणजे ५ ग्रॅम मिठाच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पाकिटात दिवसाचा ४२ टक्के कोटा संपला. वरण, भाजी, लोणचं, पापड अजून व्हायचेच आहेत.

पाकिटावरची टक्केवारीही मोठ्या माणसाच्या २,००० मिलिग्रॅमवरच काढलेली असते. खाणारा आठ वर्षांचा असेल तर त्याच्यासाठी तो वाटा आणखी मोठा.

आईला चमत्कारिक वाटलेली गोष्ट पुढे आहे. साध्या मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, एमएसजीत सुमारे १२ टक्के. मीठ निम्मं करून चिमूटभर एमएसजी घातलं तर चव राहते आणि सोडियम एकूण कमी होतं. बाजारातल्या पुड्यांत दोन्ही भरभरून असतात, हा भाग निराळा.

६. करताना काय बदलायचं

पुडी निम्मी घाला. आधी दोन-तीन वेळा पचपचीत लागेल, मग जिभेला सवय होते. थोडं सोडियम वडीतही असतं, म्हणून नूडल्स वेगळ्या उकडून पाणी ओतून टाका आणि मसाला नंतर परता. निम्म्या पुडीची चव भरून काढायला एक पिकलेला टोमॅटो बारीक चिरून तेलात अगदी आटेपर्यंत परता. टोमॅटोत ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या भरपूर असतं, आटवलं की ते दाट होतं. मूठभर मटारही तेच काम करतात.

पुडी पूर्ण टाळायची असेल तर दोन चमचे धने, एक चमचा जिरे, अर्धा चमचा मिरी, थोडी बडीशेप मंद भाजून घ्या. त्यात सुंठ, हळद, लसूण पावडर, आमचूर आणि चिमूटभर साखर घालून बारीक करा. मीठ यात मिसळू नका, ते पातेल्यात हाताने घाला, म्हणजे किती पडलं ते दिसतं. चव पुडीसारखी हुबेहूब येत नाही. नातवाने पहिल्याच घासाला ते ओळखलं.

चायनीजच्या गाडीवर लेबल नसतंच. तिथे "दादा, अजिनोमोटो नको" म्हणणारे मी रोज बघतो, आणि त्याच वेळी कढईत सोया सॉसचे तीन फवारे पडताना कुणी बघत नाही. मोठा एक चमचा सोया सॉस म्हणजे साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि ग्लुटामेट त्यातही असतंच. म्हणावं तर "सॉस निम्मा, मीठ वरून नको" असं म्हणा.

७. मला त्रास होतो असं वाटत असेल तर

वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, रिकाम्या पोटी की जेवणासोबत, काय झालं, किती वेळाने थांबलं. टोमॅटोचं सार किंवा चीज खाल्ल्यावर काही होत नाही आणि फक्त गाडीवरच्या चायनीजनेच होतं, तर कारण तेल, तिखट किंवा मीठही असू शकतं. वही डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर वही ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा.

८. लेबल खोटं वाटलं तर

पाकीट फेकू नका. बिल, बॅच नंबर, तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय नंबर यांचे फोटो घ्या. तक्रार एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर करता येते, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही करता येते. फारशी माहीत नसलेली एक सोय म्हणजे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४०. ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की तपासणीला देणार आहे हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं. नमुना कायद्यात बसत नाही असा अहवाल आला, तर भरलेलं शुल्क परत मिळतं.