पापण्या पुसत होते, धूत नव्हते

लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापणीच्या एकेका केसाला कृत्रिम केस (लॅश) ग्लूने चिकटवणं. त्यातलं आयसोलेशन (एकच केस वेगळा धरणं), मॅपिंग (कुठे किती लांबीची लॅश ते ठरवणं), चिमटा धरायची पद्धत तुम्हाला क्लासमध्ये शिकवली असेलच. मी अडकले ती त्याआधीच्या पाच मिनिटांत.

सुरुवातीला माझ्या क्लायंटच्या लॅशेस तिसऱ्या-चौथ्या दिवशीच गळायच्या. ग्लू बदलला, आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं, फरक शून्य. शेवटी एकीला म्हटलं, गळलेल्या लॅशेस टिश्यूत गुंडाळून आण. भिंगाखाली पाहिलं तर बुडाशी ग्लूचा थेंब जसाच्या तसा, पण त्यात तिचा केसच नाही! केस सोबत आला असता तर ती नेहमीची गळती. रोज दोन-चार केस सगळ्यांचेच जातात. इथे ग्लूने केस धरलाच नव्हता.

कारण मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप पुसायचं पाणी. लॅशेस लावण्याआधी मी पापण्या त्यानेच पुसायचे. कापूस स्वच्छ निघाला की काम झालं असं मला वाटायचं. पण त्यातला मळ उचलणारा घटक धुतला नाही तर केसावरच राहतो. वर कापसाचे तंतू आणि मुळाशी पापणीच्या कडेच्या ग्रंथींचं तेल. ग्लू चिकटतो तो या थराला.

म्हणून डोळे मिटवून तेलविरहित लॅश शाम्पूचा फेस, मऊ ब्रश आणि मुळाची रेघ. टोकं चकाचक आणि मूळ तेलकट, ही चूक मी कितीदा केली ते विचारू नका. मग सलाईनने दोनदा धुवा. फेस राहिला तर शाम्पूही मायसेलरसारखाच वैरी. नंतर मुळापर्यंत कोरडं करा, कारण ग्लूमधला सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होतो. पाण्याचा थेंब राहिला की ग्लू झटक्यात पांढरा आणि ठिसूळ होतो.

'प्रायमर (ग्लूआधी पापणीच्या केसांना लावायचं द्रावण) लावला की धुवायला नको' म्हणणारी एक ताई मलाही भेटली होती. तिचा हात सुरेख होता, सल्ला टाकाऊ. प्रायमर धुतल्यानंतरचा, धुण्याऐवजी नाही. आणि पापणी लाल असेल, मुळाशी खपल्या असतील तर पैसे सोडा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

पहिले काही दिवस या धुण्यातच पंधरा मिनिटं जातील, क्लायंट घड्याळ बघेल. जाऊ देत, हात बसतो. मी अजूनही कोरड्या पापण्यांवरून एकदा ब्रश फिरवून बघते. केस सुटे होऊन पंख्यासारखे पसरले तर ग्लू उघडते. दोन-तीन जरी एकमेकांना चिकटून राहिले तरी पुन्हा फेस.