बाळाचं लिव्हर ट्रान्सप्लांट: शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी नेमकं काय करायचं

बाळाला बिलिअरी अ‍ॅट्रेसिया आहे आणि आता लिव्हर बदलावं लागेल, ही बातमी कळली की फोन थांबत नाहीत. प्रत्येक जण म्हणतो, 'काही लागलं तर सांगा.' त्या घरात सांगायची उसंत कुणालाच नसते. म्हणून काय लागेल ते आपणच आधी समजून घेतलेलं बरं.

या आजारात लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद असतात. जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी न उतरणारी कावीळ, पांढुरकी शी आणि गडद लघवी या त्याच्या खुणा. तान्ह्या बाळांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटमागे सगळ्यात जास्त वेळा हाच आजार असतो. आधी पित्ताला वाट करून देणारी कसाई शस्त्रक्रिया करतात, शक्यतो बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत. (मोरिओ कसाई या जपानी सर्जनचं हे नाव. आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नुसता शब्द ऐकून घरात रडारड होते.) तिचा उपयोग झाला नाही किंवा उशीर झाला, तर ट्रान्सप्लांट.

दाता बहुतेक वेळा आई किंवा बाबाच. दात्याच्या लिव्हरच्या डाव्या बाजूचा, साधारण चौथा-पाचवा हिस्सा बाळाला पुरतो आणि दात्याचं लिव्हर काही आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतं. पण याचा अर्थ असा की ऑपरेशनच्या दिवशी एकाच घरातली दोन माणसं टेबलावर असतात आणि मोकळा पालक एकच उरतो. मदतीची सगळी आखणी इथून सुरू करायची.

त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर किमान तीन माणसं लागतात: एक बाळाच्या आयसीयूबाहेर, एक दात्यापाशी, एक फार्मसी, बिलिंग आणि रक्तपेढीच्या फेऱ्यांसाठी. मोकळ्या पालकाला फेऱ्या मारायला लावू नका, कारण संमतीच्या कागदावर सही त्याचीच लागते आणि डॉक्टर बोलवतील तेव्हा तो जागेवर हवा. पाळ्या १२-१२ तासांच्या लावा आणि प्रत्येक पाळीत कोण, ते नाव आणि मोबाइलसह कागदावर लिहून ठेवा. घरी मोठं भावंड असेल तर चौथा माणूस त्याच्यासाठी. शाळेची बस, डबा आणि झोपताना ओळखीचा चेहरा, एवढं त्याला पुरतं.

दाता ५ ते ७ दिवसांत घरी येतो, पण पुढचे ६ ते ८ आठवडे, काही ठिकाणी तीन महिने, वजन उचलायचं नाही. बादली नाही, भाजीची पिशवी नाही, आणि बाळही नाही! आईच दाता असेल तर हे आधी कुणाच्या ध्यानातच येत नाही. ती खुर्चीत बसेल, पोटाच्या टाक्यांवर उशी ठेवेल आणि कुणीतरी बाळ उचलून तिच्या मांडीवर देईल, असं दिवसभर माणूस लागतं. मावशी, आत्या, शेजारच्या काकू यांनी दिवस वाटून घ्यावेत. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर असेल, तर दोन महिन्यांसाठी तळमजल्यावरचं कुणाचं घर मिळतं का, हे सोसायटीने बघावं. डब्याच्या ढिगापेक्षा ही मदत मोठी.

कोण दाता होणार, यावर नातेवाइकांनी मत देऊ नये. कायद्याने 'जवळचे नातेवाईक' म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. मामा, मावशी, काका, आत्या त्यात येत नाहीत. त्यांना द्यायचं असेल तर प्रकरण परवानगी समितीपुढे जातं आणि त्याला वेळ लागतो. पैसे देऊन अवयव मिळवून देतो म्हणणारा भेटला तर लांब राहा. अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. आणि तपासणीनंतर एखादा दाता गळला, तर कारण विचारू नका. फॅटी लिव्हर असेल, रक्तवाहिन्यांची ठेवण वेगळी असेल किंवा त्याला नको वाटलं असेल. तिन्ही गोष्टी त्याच्या आणि डॉक्टरांच्या मधल्या.

घरातला दाता जुळला नाही तर मृत दात्याच्या यादीत नाव जातं. ठाणे-नवी मुंबईची यादी मुंबईच्या झेडटीसीसीकडे (अवयववाटप बघणारं विभागीय केंद्र) असते आणि नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. ओळख लावून क्रमांक वर सरकत नाही. फोन अपरात्री येऊ शकतो आणि काही तासांत पोहोचावं लागतं. म्हणून दोन ड्रायव्हर ठरवून ठेवा, एक आलाच नाही तर दुसरा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी गायमुखची कोंडी धरूनच वेळ मोजावी आणि दुसरा रस्ता एकदा प्रत्यक्ष जाऊन बघावा. फोन आल्यापासून बाळाला दूध किती वाजेपर्यंत द्यायचं, हे रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरलाच विचारायचं.

आता पैसे. आधी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात चार गोष्टी तपासा: दात्याचं ऑपरेशन धरलंय का, आयसीयूचे किती दिवस धरलेत, रक्त आणि प्लेटलेट्स आत आहेत का, घरी गेल्यावरची औषधं आणि तपासण्या वेगळ्या का. मेडिक्लेममध्ये जन्मजात आजार आणि दात्याचा खर्च या दोन कलमांवर बोट ठेवून वाचा. नोकरी असेल तर पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम मिळते.

मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज ऑपरेशनच्या आधी करायचा. त्यासोबत अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार (बाळासाठी आईचं) लागतं, आणि अवयव प्रत्यारोपण असेल तर झेडटीसीसी नोंदणीची पावतीही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्ज वेगळा. ट्रस्टच्या रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन 'निर्धन रुग्ण निधी'बद्दल सरळ विचारा.

दाखला राहत्या तालुक्याचा लागतो, आणि नवी मुंबईत इथेच गफलत होते. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. चुकीच्या कार्यालयात रांग लावली की दिवस गेला. दुसरी गफलत नावाची. रुग्णालयाच्या फाइलवर 'बेबी ऑफ अमुक', जन्मदाखल्यावर बारशातलं नाव, विम्याच्या कागदावर तिसरंच. महापालिकेतून नावासह जन्मदाखला काढा आणि फाइलवर तेच नाव चढवून घ्या. हे काम सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त, कागदपत्रांत मुरलेल्या काकांना द्या.

वर्गणी गोळा करणार असाल तर शक्यतो थेट रुग्णालयाच्या नावाने, बाळाच्या नोंदणी क्रमांकावर भरा आणि पावती घ्या. खासगी खात्यात वर्षाला ५० हजारांहून जास्त परक्यांचे पैसे आले तर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. सीएला विचारून घ्या. ऑनलाइन निधी उभारणीत किती टक्के कापतात, तेही आधी वाचा.

रक्तदात्यांची फौज एकाच दिवशी नेऊ नका. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी सगळे संपले तर पुढच्या आठवड्याला कुणीच उरत नाही. रक्तपेढी सांगेल तेवढेच पाठवा, बाकीच्यांची नावं राखीव. दाता होऊ घातलेल्या आई-बाबांनी रक्त द्यायचं नाही, आणि बाळाच्या रक्ताच्या नात्यातल्यांनी आधी रक्तपेढीला विचारायचं. ग्रुपवर मेसेज असा टाका: 'बी पॉझिटिव्ह, ४ दाते, गुरुवार १० ते १२, अमुक रक्तपेढी, संपर्क अमुक. गुरुवारी दुपारनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.' शेवटचं वाक्य विसरलात तर तो मेसेज दोन वर्षं फिरतो.

ऑपरेशनपर्यंत बाळाचं वजन वाढवणं हेच मोठं काम. पित्त आतड्यात उतरत नाही म्हणून चरबी पचत नाही. मग एमसीटी तेल (पित्ताशिवायही पचणारं), खास दूध, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं, कधी नाकातून नळी, असं सगळं चालतं. अशा वेळी बाळगुटी, काविळीचा काढा, माळ, गावाकडचं झाडपाल्याचं औषध यांतलं काहीही नेऊ नका. एरवी साधी वाटणारी मुळीही या लिव्हरला झेपत नाही. खाजेने बाळ रात्रभर रडतं. मऊ सुती हातमोजे आणून द्या. प्लीहा वाढलेली असते, म्हणून पोट दाबून मालीश नको. ताप, काळी शी, रक्ताची उलटी किंवा पेंगलेलं बाळ दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

बाळ घरी यायच्या आधी घर तयार करा. बाल्कनीत आणि एसीच्या डक्टमध्ये कबुतरं असतील तर विष्ठा आधीच साफ करून जाळी बसवा, कारण त्यातल्या बुरशीने दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या बाळाला फुप्फुसाचा संसर्ग होतो. रंगकाम, फरशी तोडणं नंतर अजिबात नाही. शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद. सर्दी-खोकला असलेल्याने दारातूनच हाक मारावी. पल्स पोलिओच्या रविवारी दादा-ताईला तोंडाने डोस पाजण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा. त्यातला जिवंत विषाणू शीतून बाहेर पडतो, म्हणून घरातल्यांना पोलिओचं इंजेक्शन देतात.

टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने, घड्याळ लावून. फ्रिजवर तक्ता चिकटवा आणि डोस देणाऱ्याने वेळ लिहून सही करायची, म्हणजे आईने दिला आणि आजीने परत दिला असं होत नाही. डॉक्टरांना न विचारता ब्रँड बदलू नका, आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकही आणू नका. काही औषधांनी रक्तातलं टॅक्रोलिमस एकदम वाढतं, काहींनी घटतं. कोकणातून पपनस आलं तर ते शेजारी वाटून टाका, या घरात नको. त्यानेही पातळी चढते. आणि रक्ततपासणीच्या दिवशी सकाळचा डोस रक्त घेतल्यानंतरच द्यायचा, आधी दिला तर आकडा चुकीचा येतो आणि फेरी वाया जाते. त्या दिवशी साडेसहाला गाडी घेऊन खाली उभे राहा, आणि निघण्यापूर्वी औषधाची बाटली पिशवीत आहे ना, ते विचारा.