'मिरची' छापेपर्यंत: माझं पहिलं क्रॉस-कंपाइल

आठवडे बाजारात जागेची फी घेऊन पावती देणारं एक हातातलं यंत्र आमच्या छोट्या कंपनीकडे आलं, तेव्हा मला नोकरी लागून चारच महिने झाले होते. यंत्र दुसऱ्याच कुणी बनवलेलं, त्यावरचा प्रोग्रॅम तेवढा आमचा. पावती इंग्रजीत निघायची, ग्राहकाला मराठीत हवी होती. माझ्या आधी कुणीतरी मराठी फॉंट घालून एक पावती काढून बघितली होती. तिच्यावर 'मिरची'तली पहिली वेलांटी 'म'च्या आधी यायची सोडून नंतर आलेली, आणि 'पत्ता'तला जोड 'त' फुटून पहिल्या 'त'चा पाय मोडलेला. सरांनी ती पावती माझ्या टेबलावर ठेवली. "शेपिंग होत नाहीये. फ्रीटाइप आणि हार्फबझ त्या यंत्रासाठी बांधून घे. दोन दिवस पुरतील ना?"

मी "हो सर" म्हणाले. तीन आठवडे लागले. या कामात नव्यानं पडणाऱ्यांनी त्यातले निदान दोन आठवडे वाचवावेत, म्हणून हे लिहितेय.

आधी त्या दोन लायब्ऱ्यांविषयी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडाच्या संचांविषयी, थोडं. फॉंटात अक्षरांची चित्रं असतात आणि ती जुळवायचे नियम असतात. ते नियम वाचून कोणतं चित्र कुठे बसवायचं हे ठरवणं म्हणजे शेपिंग, आणि ते काम हार्फबझ करते. (नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. थोडक्यात 'ओपनटाइप' या फॉंटपद्धतीच्या नावाचं शब्दशः फारसी.) त्या चित्रांचे ठिपके फ्रीटाइप पाडून देते. आमचा थर्मल प्रिंटर ५८ मिलिमीटर कागदाचा, एका ओळीत ३८४ ठिपके छापणारा. त्याला ठिपके मिळाले की झालं, भाषा कोणती याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

यंत्रात आर्म ९२६ प्रोसेसर, ६४ एमबी रॅम आणि २.६ मालिकेतली लिनक्स कर्नल. लिहिलेला कोड चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यात नाही, आणि तो ठेवायला जागाही नाही. म्हणून कोड कंपाइल करायचा लॅपटॉपवर आणि चालवायचा यंत्रावर. क्रॉस-कंपाइल म्हणजे एवढंच. अवघड जातो तो लॅपटॉपचा चोंबडेपणा. तो न विचारता मधे स्वतःचं काहीतरी सरकवतो. माझ्या तीन आठवड्यांतल्या बहुतेक चुका याच एका जातीच्या होत्या.

पहिल्या दिवशी मी सगळे करतात तेच केलं. उबुंटूवर पॅकेजमधून आर्मचा कंपायलर घेतला, दहा ओळींचा प्रोग्रॅम बांधला आणि यंत्रावर टाकला. उत्तर आलं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फाइल तर तिथेच होती. यादीत दिसत होती, परवानगी बरोबर होती. मी ती चार वेळा परत कॉपी केली.

हा निरोप तुम्हालाही कधीतरी मिळणार, म्हणून त्याचा अर्थ सांगते. सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे, तिला उचलणारा लोडर. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात आपल्या डायनॅमिक लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. मी घेतलेला कंपायलर 'हार्ड फ्लोट'वाला होता, म्हणजे दशांशाचं गणित करणारं हार्डवेअर चिपमध्ये आहे असं धरून चालणारा. त्याच्या लोडरचं नाव वेगळं. आमच्या यंत्रात असं हार्डवेअर नव्हतं आणि तो लोडरही नव्हता. कर्नल बिचारी लोडर शोधायला गेली, मिळाला नाही, तसं तिनं सांगितलं. कोणाविषयी बोलतेय तेवढं सांगितलं नाही.

मग 'सॉफ्ट फ्लोट'वाला कंपायलर घेतला. आता जीलिबसीची (प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या सी भाषेच्या पायाभूत लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही अशी तक्रार आली, कारण लॅपटॉपवरची जीलिबसी नवी आणि यंत्रातली कितीतरी जुनी. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नसतं. जुन्यावर बांधलेलं नव्यावर बहुधा चालतं. मला वाटलं, सगळं स्टॅटिक लिंक करून टाकू, म्हणजे लायब्ऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच भरू, भांडणच नको. तर 'फेटल: कर्नल टू ओल्ड'. नवी जीलिबसी कर्नलही एका मर्यादेपेक्षा जुनी चालवून घेत नाही.

शेवटी सरांनी कपाटातून यंत्र बनवणाऱ्यांनी दिलेली सीडी काढली. तिच्यात जीसीसी ४ मालिकेतली टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याच्या जोडीच्या साधनांचा संच, होती. मी ती लॅपटॉपवर उलगडली, कंपायलर चालवला, आणि पुन्हा 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', या वेळी माझ्याच लॅपटॉपवर! टूलचेन ३२ बिटची, लॅपटॉप ६४ बिटचा, आणि ३२ बिटचा लोडर त्यावर नव्हताच. दोन दिवसांपूर्वीचाच धडा उलट्या बाजूनं आला होता. ३२ बिटच्या लायब्ऱ्या लॅपटॉपवर टाकल्या आणि कंपायलर उठून बसला.

इथे 'सिसरूट' हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. आमच्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना टेलरला मापाचा ब्लाउज देतात. अंगावर टेप न लावता तो त्यावरून कापड बेततो. सिसरूट म्हणजे यंत्राचा मापाचा ब्लाउज. यंत्राच्या हेडर फाइली आणि लायब्ऱ्या जशाच्या तशा एका फोल्डरात आणून ठेवायच्या आणि कंपायलरला सांगायचं की बाबा, बेतायचं ते यावरून. हे न सांगितलं तर तो स्वतःच्याच मापानं बेततो.

मुलाखतीत हमखास विचारतात ते 'बिल्ड', 'होस्ट' आणि 'टार्गेट' हे तीन शब्दही याच जागी नवख्यांना चकवतात. कॉन्फिगर स्क्रिप्टच्या भाषेत बिल्ड म्हणजे शिवणाऱ्याचं मशीन, आपला लॅपटॉप. होस्ट म्हणजे जे ते अंगात घालणार आहे, आपलं हातातलं यंत्र. 'होस्ट' ऐकून बहुतेकांना लॅपटॉप आठवतो आणि गाडी तिथेच चुकते. टार्गेट हा शब्द फक्त कंपायलरसारखी, दुसऱ्यासाठी कोड तयार करणारी साधनं बांधताना लागतो. साध्या लायब्ररीला त्याची गरज नाही. मी भीतीपोटी तिन्ही भरत असे.

हार्फबझची सर्वात नवी आवृत्ती उतरवली ती कंपाइलच होईना. नव्या आवृत्त्यांना सी++११ लागतं आणि त्या जुन्या कंपायलरला ते पुरतं येत नव्हतं. कंपायलर बदलायचा की लायब्ररीची जुनी आवृत्ती घ्यायची? मी १.७ मालिकेवर मागे गेले, आणि आजही तेच करीन. टूलचेन बदलली की जीलिबसीचा सगळा घोळ पुन्हा दारात.

मग कोंबडी आधी की अंडं. फ्रीटाइपनं उघडलेला फॉंट वापरायचा तर हार्फबझला फ्रीटाइप हवी, आणि फ्रीटाइपला काही लिप्यांची अक्षरं ठिपक्यांवर नीट बसवायला हार्फबझ हवी. दोघींची वाट बघत मी एक दुपार घालवली. उपाय सोपा आहे: फ्रीटाइप बांधताना 'हार्फबझ नको' असं स्पष्ट सांगायचं, मग तिच्या जोरावर हार्फबझ बांधायची. हार्फबझला ग्लिब, आयसीयू, कैरो यांतलं काहीही नको म्हणून सांगता येतं. आपल्या कामाला तेवढ्यानं भागतं.

फ्रीटाइप बांधताना लॅपटॉपनं पुन्हा नाक खुपसलं. पॅकेज-कॉन्फिग हे साधन 'पीएनजी लायब्ररी आहे का?' या प्रश्नाला ऐटीत 'आहे' म्हणालं, कारण लॅपटॉपवर होती. कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ऱ्या जोडणाऱ्या लिंकरपाशी गाडी अडली तेव्हा कळलं. या साधनाला शोधायची जागा दोन प्रकारे सांगता येते. 'पाथ' दिला तर ते तुमच्या जागेसोबत आपल्या नेहमीच्या जागाही बघतं. 'लिबडिर' दिला तर नेहमीच्या जागा सोडून तुमचीच बघतं. क्रॉस-कंपाइलला दुसरा द्यायचा. हा एक शब्द मला कुणी पहिल्या दिवशी सांगितला असता तर दोन रात्री झोप मिळाली असती.

पुढे दुसऱ्या एका लायब्ररीत 'आरपीएल-मॅलॉक सापडत नाही' असंही निघालं. त्याचं कारण मजेशीर आहे. कॉन्फिगर स्क्रिप्ट काही गोष्टी छोटा प्रोग्रॅम चालवून तपासते. आर्मचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवता येत नाही, म्हणून ती वाईटातला वाईट अंदाज धरते आणि तुमच्या मॅलॉकऐवजी (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनऐवजी) बदली मॅलॉक मागते, जो कुणी लिहिलेलाच नसतो. त्या तपासणीचं उत्तर आपणच आधी लिहून दिलं की ती गप्प बसते.

तयार लायब्ररी यंत्रावर नेण्याआधी लॅपटॉपवरच तिची झडती घ्या. 'फाइल' ही आज्ञा ती आर्मची आहे की नाही हे एका ओळीत सांगते. 'रीडएल्फ' तिला आणखी कोणत्या लायब्ऱ्या लागतात आणि कोणत्या पिढीच्या आर्मसाठी ती बांधली आहे, हे सांगतं. आमच्या चिपला व्ही५ हवं. चुकून व्ही७ झालं तर यंत्रावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्रॅम जागीच मरतो. मग 'स्ट्रिप' करा, म्हणजे डीबगची माहिती गळून फाइल खूपच लहान होते. मूळ प्रत मात्र जपून ठेवा, क्रॅश शोधताना तीच कामाला येते.

आणि पेनड्राइव्हवरून नेताना सावध. लायब्ररीच्या फाइलीला दोनतीन नावं असतात, ती सिमलिंकनं जोडलेली. पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीचा, त्याला सिमलिंक म्हणजे काय ते माहीत नाही. टार करून, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधून, न्यायचं आणि यंत्रावर सोडायचं.

दोन्ही लायब्ऱ्या यंत्रावर बसल्या. हार्फबझच्या चाचण्या मी आधीच लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये, म्हणजे आर्म चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघितल्या होत्या. आमचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवला की पडद्यावर 'मिरची' सुरेख यायची. यंत्रावर बटण दाबलं. कागद सरकला, आणि त्यावर ग्रीक अल्फा, मग लाटेची खूण डोक्यावर घेतलेला स्पॅनिश एन, मग आणखी काहीतरी. पुन्हा अल्फा. पुन्हा अल्फा. एकंदर पाच अल्फा.

माझा सगळा संशय हार्फबझवर. दोन दिवस मी ती वेगवेगळ्या तऱ्हांनी परत बांधत राहिले. शेवटी सर शेजारी खुर्ची ओढून बसले, कागद हातात घेतला आणि विचारलं, "'मिरची'त युनिकोडची अक्षरं किती?" म, वेलांटी, र, च, दुसरी वेलांटी. पाच. युनिकोड बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं, आणि पहिला बाइट नेहमी ई० (सोळाच्या पटीत लिहिलेला आकडा). प्रिंटरच्या मूळ ४३७ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यात, ई० म्हणजे अल्फा. म्हणजे मजकूर हार्फबझपर्यंत पोचलाच नव्हता. तो कच्चाच्या कच्चा प्रिंटरकडे गेला होता.

चूक आमच्याच जुन्या कोडात होती. तिथे लिहिलं होतं: बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर तो इंग्रजी नाही, शेपिंगकडे पाठव; नाहीतर थेट प्रिंटरला दे. लॅपटॉपच्या इंटेल चिपसाठी कंपाइल करताना 'चार' हा सी भाषेतला एका बाइटाचा प्रकार ऋण आकडे धरतो, म्हणून १२७च्या वरचा बाइट शून्याखाली दिसतो आणि अट लागू पडते. आर्म लिनक्सवर तोच 'चार' ऋण नसतोच. ती अट यंत्रावर कधीच खरी होणार नव्हती. सी भाषेच्या प्रमाणात दोन्ही चालतं, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा? कंपायलरला 'चार ऋण धर' असं सांगता येतं, पण आम्ही अट बदलून बाइट १२८ किंवा जास्त आहे का, असं बिनऋण प्रकारात विचारलं. आमचा प्रोग्रॅमही मी क्यूएमूत चालवला असता, तर पहिल्याच तासात हे दिसलं असतं. मी लायब्ररी तपासली, स्वतःचा कोड तपासला नाही.

या क्षेत्रात यायचं असेल तर काय शिकू, असं ज्युनिअर विचारतात. सी चांगली यावी, मेकफाइल वाचता यावी, आणि लिंकर काय करतो हे कागदावर चित्र काढून समजावता यावं. महागडा बोर्ड नसला तरी चालतं, क्यूएमूवर बरंच शिकून होतं. बिल्डरूट किंवा योक्टो ही साधनं हे सगळं आपोआप करतात आणि खऱ्या कामात तीच वापरावीत. पण आधी एक तरी लायब्ररी हातानं बांधा. झीलिब घ्या, लहान आहे. आणि जी आज्ञा यशस्वी झाली ती त्याच क्षणी स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. मी 'उद्या लिहू' म्हणाले होते आणि फ्रीटाइप तीन वेळा नव्यानं बांधली.

पावती निघू लागल्यावर एका बाजाराच्या दिवशी वसुली करणाऱ्या काकांना यंत्र दाखवायला आम्ही गेलो. 'मिरची' बरोबर आली होती, 'पत्ता' जुळला होता. काकांनी चष्मा वर करून बघितलं. "हा 'ल' हिंदी पेपरातला आहे." खरंच होता. आपला 'ल' आणि 'श' वेगळा. ज्या फॉंटात ती सोय असते तिथे हार्फबझला मजकुराची भाषा मराठी आहे एवढं सांगावं लागतं, आणि मी ते सांगितलंच नव्हतं. परत येऊन एक ओळ घातली. पुढच्या बाजाराला पुन्हा गेलो. काकांनी पावती उन्हात धरली, मान डोलावली आणि म्हणाले, "अक्षर झ्याक. पण शाई जरा फिक्की येतीय बघा, ताई."

थर्मल प्रिंटरमध्ये शाई नसते. मी हेडची उष्णता दोन पायऱ्या वाढवली.