एकसमान त्वरणात अंतर काढताना या चुका टाळा

ताशी ५४ किमी वेगाने जाणाऱ्या बसला ब्रेक लावला. तिचा वेग दर सेकंदाला ३ मी/से ने घटतो. ८ सेकंदांत बस किती अंतर कापेल?

सूत्र बहुतेकांना पाठ असते: अंतर = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ² (त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल). तरीही उत्तर चुकते, आणि एकाच गणितात तीन ठिकाणी चुकू शकते.

५४ हा आकडा तसाच सूत्रात घालू नका. ३.६ ने भागून १५ मी/से करा. मग चिन्ह. वेग घटतोय, म्हणून त्वरण −३. ते +३ धरले तर उत्तर २१६ मीटर येते. ब्रेकच लावला नसता तरी बस १२० मीटरच गेली असती!

खरी मेख पुढे आहे. १२० − ½ × ३ × ६४ = २४ मीटर. आकडेमोड निर्दोष, उत्तर चूक. बस १५ ÷ ३ = ५ सेकंदांतच थांबते, पण सूत्राला ते कळत नाही. उरलेल्या ३ सेकंदांत ते बसला १३.५ मीटर उलटे आणते. बरोबर उत्तर ३७.५ मीटर. म्हणून ब्रेकच्या गणितात थांबायला लागणारा वेळ आधी काढावा. दिलेला वेळ त्याहून जास्त असेल, तर थांबण्याचा वेळच वापरावा.

वर फेकलेला चेंडू मात्र खरोखरच परततो. २० मी/से वेगाने फेकला आणि गुरुत्व त्वरण १० मी/से² धरले, तर ३ सेकंदांनंतर सूत्र १५ मीटर देते. ते विस्थापन झाले, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासूनचे सरळ अंतर. कापलेले अंतर हवे असेल तर २० मीटर वर आणि ५ मीटर खाली, एकूण २५.

वर्ग फक्त वेळेचा करायचा, हे सांगायला नको. तरी घाईत पूर्ण गुणाकाराचा वर्ग होतो. ‘पाच सेकंदांत’ आणि ‘पाचव्या सेकंदात’ यांतही गल्लत होते. स्थिर अवस्थेतून २ मी/से² त्वरणाने निघाल्यास पहिले २५ मीटर, दुसरे २५ − १६ = ९ मीटर.

पडताळ्यासाठी सुरुवातीच्या आणि अंतिम वेगाची सरासरी वेळेने गुणा. बससाठी ७.५ × ५ = ३७.५, जुळले. त्वरण मध्येच बदलत असेल तर ही सरासरी चालत नाही. तिथे टप्पे पाडावे लागतात: पहिल्याचा अंतिम वेग हा दुसऱ्याचा सुरुवातीचा वेग, आणि दुसऱ्या टप्प्यात वेळ पुन्हा शून्यापासून मोजायची.