झडीच्या दिवसांत रक्ती हगवणीचं औषध पाजण्याआधी विष्ठा तपासा

नागपूर पट्ट्यात जुलै-ऑगस्टची झड लागली की कोंबड्यांच्या शेडमधलं तूस दमट होतं आणि रक्ती हगवण, म्हणजे आतड्यातल्या परजीवीमुळे होणारा कॉक्सिडिओसिस, डोकं वर काढते. या परजीवीच्या ऊसिस्टना, म्हणजे विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यासारख्या सूक्ष्म कोषांना, ओल, हवा आणि 25 ते 30 अंश तापमान मिळालं की एक-दोन दिवसांत ते रोग पसरवायला तयार होतात. फिनाईलने ते मरत नाहीत. तीन ते पाच आठवड्यांची पिल्लं आधी आजारी पडतात.

विष्ठेत लाल दिसलं की कुणी सांगेल ते औषध पाण्यात टाकलं जातं. तसं करू नका. तपासणीला जेमतेम अर्धा तास लागतो.

नमुना घेण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. पहाटे शेडच्या निदान 20 ठिकाणांहून ताजी विष्ठा थोडी-थोडी घ्या. पांढऱ्या टोपीची घट्ट विष्ठा आणि आंत्रपुच्छातून (कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे जोडलेल्या दोन पिशव्यांतून) पडणारी तपकिरी, चिकट विष्ठा, दोन्ही हव्यात. तुसात मिसळलेली, वाळलेली उचलू नका. लगेच तपासणार नसाल तर डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको.

लिटरभर गरम पाण्यात 400 ग्रॅम मीठ घाला. ढवळूनही तळाशी थोडं उरलं म्हणजे द्रावण पुरेसं जड झालं. मीठ कमी पडलं तर ऊसिस्ट वर येत नाहीत आणि नमुना उगाच स्वच्छ दिसतो. थंड झाल्यावर वरचं निवळ 40 मिली घेऊन त्यात 3 ग्रॅम विष्ठा घोटा आणि या कामासाठीच ठेवलेल्या गाळणीतून गाळा. गाळलेल्या द्रावणाने परीक्षानळी काठावर फुगेपर्यंत भरा, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेचा तुकडा, ठेवा. 15 ते 20 मिनिटं धक्का लागू देऊ नका. मग कव्हरस्लिप सरळ उचलून स्लाइडवर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाच्या 10 च्या भिंगाखाली लगेच पाहा. तासभर रेंगाळलात तर मिठाचे खडे धरतात, अंडी चिंबतात.

ऊसिस्ट बारीक, दुहेरी कडेचे, काचेच्या मण्यासारखे दिसतात. जाड काळी कड असेल तर तो हवेचा बुडबुडा. गोल जंताचं अंडं त्याहून तिपटीने लांब, गुळगुळीत, लंबगोल. कॅपिलॅरिया या केसासारख्या जंताच्या अंड्याला दोन्ही टोकांना बुचं असतात. गावरान कोंबड्यांत पट्टकृमीचे भाताच्या शितासारखे तुकडे ताज्या विष्ठेवर नुसत्या डोळ्यांनीच दिसतात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सर्वांत घातक प्रकारात रक्त लागण झाल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी पडतं, ऊसिस्ट मात्र सहाव्या-सातव्या दिवशी विष्ठेत उतरतात. म्हणून रक्त दिसतंय आणि स्लाइड रिकामी, तर रोग नाही असं धरू नका. नुकताच मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडून उघडून घ्या; आंत्रपुच्छं फुगून रक्ताने भरलेली दिसली की निदानाला तेवढं पुरतं. उलट, धडधाकट पक्ष्यांत थोडे ऊसिस्ट सापडले तर तेवढ्यावर औषध देऊ नका. मोजणी हवी असेल तर नमुना सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवा.

निदान पक्कं झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अॅम्प्रोलियम 20 टक्के पावडर, लिटरला 1.2 ग्रॅम, 3 ते 5 दिवस पाजतात. त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अॅम्प्रोलियम परजीवीला बी-1 मिळू न देऊन काम करतं; तेच जीवनसत्त्व वरून दिलं तर औषध वाया जातं. पाण्याच्या भांड्यांखालचं ओलं तूस त्याच दिवशी काढा आणि औषध संपल्यावर आठवड्याने त्याच 20 जागांवरून पुन्हा नमुना घ्या.